रविवारी वर जायचंय, खालचं काही दिसेल का? मदत हवी आहे, लवकर

स्टेअरिंग (गुरुवार, रात्री १०:४०)
मंडळी लवकर सांगा, मधे दोनच दिवस आहेत. मागच्या डिसेंबरात गेलो होतो, रात्री अडीचला चढायला लागलो, सूर्योदयाला माथ्यावर. सूर्य मस्त दिसला पण खाली काहीच नाही, नुसतं पांढरं. अर्धा पाऊण तास थांबलो, वाऱ्याने बोटं वाकेनात, मग उतरलो. या वेळी तसं होऊन चालणारच नाही. नक्की किती वाजता वर असलं म्हणजे खालचं स्वच्छ दिसतं? अजून लवकर निघायचं का? सगळीकडे शोधून झालं, जिथे तिथे सूर्योदयाचेच फोटो.

गडभटक्या (१०:५२)
कुठलं शिखर? कुठून निघणार? किती जण? गाडी स्वतःची का? यातलं काहीच लिहिलं नाहीये भाऊ, सांगणार कसं.

रानजाई (११:०५)
सूर्योदयाचा नाद सोडा आणि संध्याकाळ धरा. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा पश्चिमेला तोंड करून आहे, मावळतीला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. पाचनईतून चढलात तर वाट सोपी आहे, खिरेश्वरची लांब पडते. मुक्काम करा, सकाळी केदारेश्वराच्या लेण्यात जा, कमरेइतक्या गार पाण्यातली पिंड आहे आणि चार खांबांपैकी एकच शाबूत उरलाय. मी तिसऱ्यांदा गेले तेव्हा थंडीत त्या पाण्यात उतरून प्रदक्षिणा घातली, अजून आठवलं की शहारा येतो.

स्टेअरिंग (११:११)
ताई हरिश्चंद्रगड नाही हो, कळसूबाई. पायथ्याच्या बारी गावातून. मला वाटलं ते कळेलच. नाशिकहून निघणार, स्वतःची गाडी. मुक्काम जमणार नाही, सोमवारी कामावर जायचंय. एका दिवसात जाऊन यायचं.

सह्यवारा (११:३०)
मग प्रश्नच नाही, सूर्योदय. कळसूबाईला जाऊन सूर्योदय बघितला नाही तर गेलास कशाला? १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच ठिकाण. मागच्या वेळी तुझं नशीब नव्हतं एवढंच. रात्री दीडला बारी सोड, पाचला वर पोच, हेडटॉर्च घे. मी सोळा वेळा गेलोय, दहा वेळा तरी ढगांचा समुद्र मिळालाय पायाखाली.

जुनी_दुर्बीण (११:४८)
सह्यवारा, त्याला ढगांचा समुद्र नकोय, खालचं बघायचंय. दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

स्टेअरिंग, तुमचं नशीब वगैरे काही नव्हतं, वेळ चुकली. थंडीत रात्री जमीन भराभर गार होते, तिला लागून असलेली हवा पण गार आणि जड होते आणि दरीत बसून राहते. तिच्यावर उबदार हवेचं झाकण बसतं. मग चुलींचा धूर, शेतात काहीबाही जाळलेलं असतं त्याचा धूर, रस्त्याची धूळ, नदीकाठचं धुकं, सगळं त्या झाकणाखाली कोंडतं. तुम्ही पहाटे झाकणाच्या वर उभे होतात, म्हणून सूर्य दिसला आणि गावं दिसली नाहीत. अजून लवकर गेलात तर अजून जास्त वेळ तेच पांढरं बघत बसाल. ऊन तापून दहा-अकरा वाजले की खालची हवा उठायला लागते आणि झाकण मोडतं.

दुसरी गोष्ट लोक सांगत नाहीत. उन्हाच्या दिशेने बघितलं की हवेतली धूळ उजळते. गाडी चालवताना ऊन समोरून आलं की काच किती मळकी वाटते बघा, आणि तीच काच वळण घेऊन ऊन पाठीवर आलं की स्वच्छ. डोंगरावरून तस्संच असतं. म्हणून विचारतो, तुम्हाला नक्की कुठल्या बाजूचं बघायचंय?

सह्यवारा (शुक्रवार, सकाळी ६:५०)
दुपारी बारा वाजता डोंगरावर फोटो कसला येणार, सगळं सपाट दिसतं. सकाळच्या उन्हात समोरचे अलंग-मदन-कुलंग किल्ले काय उठून दिसतात ते बघितलंय का कधी? सकाळच्या पहिल्या तासाभरात त्या तिघांच्या कड्यांवर जे केशरी येतं ते नंतर दिवसभर नाही.

जुनी_दुर्बीण (७:१५)
बरोबर आहे, ते तिघं पश्चिमेला आहेत म्हणून सकाळी ऊन त्यांच्या तोंडावर पडतं. मी तेच म्हणतोय, बाजूवर आहे सगळं.

स्टेअरिंग (८:०२)
घोटीकडून बारीपर्यंतचा रस्ता बघायचाय. फोटोसाठी नाही, वडिलांसाठी. ते एसटीत ड्रायव्हर होते, या रस्त्यावर बरीच वर्षं गाडी चालवली, राजूरपर्यंत. रोज खालून हा डोंगर बघितला पण वर कधी गेले नाहीत, ड्युटी संपली की झोप. रिटायर होऊन नऊ वर्षं झाली. आता म्हणतात एकदा वरून माझा रस्ता बघायचाय. मागच्या वेळी मी एकटा आधी बघून यायला गेलो होतो आणि घरी येऊन त्यांना काय दिसलं ते सांगता आलं नाही.

गडभटक्या (८:१०)
अरे मग हे आधी सांगायचं ना! वय ६७ च्या आसपास धरू? बीपी, शुगर? गुडघे? चालायची सवय आहे का? चढ आठ-नऊशे मीटरचा आहे, तो सगळा एका दिवसात चढायचा आणि उतरायचा.

रानजाई (८:२५)
वडिलांना नेणार असाल तर माझं ऐका, सप्तशृंगीला न्या. ट्रॉली आहे, पायऱ्यासुद्धा चढाव्या लागत नाहीत, दर्शन पण होतं. या वयात कळसूबाईच्या लोखंडी शिड्या कशाला?

सह्यवारा (८:३१)
किंवा साल्हेर. १५६७ मीटर, राज्यातला सगळ्यात उंच किल्ला, १६७२ ची लढाई तिथलीच, आणि २०२५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत आलाय. कळसूबाईला रविवारी जत्रा असते, साल्हेरला शांतता मिळेल.

स्टेअरिंग (८:४०)
साल्हेरवरून बारीचा रस्ता दिसणार आहे का? माफ करा, पण त्यांना तोच बघायचाय.
वय ६७ बरोबर. बीपीची एक गोळी चालू आहे, शुगर नाही. रोज गोदाकाठी तासभर चालतात. गुडघ्याचं कधी बोलले नाहीत, पण ते बोलणारच नाहीत.

टेकडीवाली (९:२०)
मी फिजिओथेरपिस्ट आहे म्हणून थोडं लांब लिहिते. सपाटीवर तासभर चालणं आणि चढ-उतार यात फरक आहे, आणि त्यातही चढ दमवतो पण गुडघ्यांचं नुकसान उतार करतो. आज संध्याकाळी बाबांना पांडवलेणीच्या पायऱ्यांवर न्या. दोनदा चढवा-उतरवा. चढताना दोन वाक्यं सलग बोलता येतायत का बघा आणि उतरताना मागून बघा, ते तिरके उतरतायत का, एक पाय आधी टाकतायत का. छातीत दडपण, चक्कर, असं काही आलं तर रविवार विसरा आणि डॉक्टरांकडे जा. बीपीच्या गोळीबद्दल पण आजच डॉक्टरांना फोन करून विचारा, थंडी आणि चढ दोन्ही आहे. गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही किंवा उशिरा घ्यायची नाही.
काठ्या दोन घ्या, एक नको.

सह्यवारा (९:४४)
काठ्या शिडीवर अडचण करतात. हात मोकळे पाहिजेत.

टेकडीवाली (९:५०)
शिडी आली की दुमडून सॅकला अडकवायच्या. शिडी काही मिनिटांची आहे, उतार तीन तासांचा.

अकोलेकर (१०:१५)
मी त्याच भागातला. आमच्याकडे म्हातारी माणसं नवरात्रात अनवाणी वर जातात देवीला, तेव्हा वयाची भीती घालू नका. ही देवी म्हणजे कळसू, कोळ्याची पोर, पाटलाकडे कामाला राहिली, भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही या बोलीवर. एक दिवस तेच करायला लावलं. जिथे भांडी घासली ती थाळेमेळ, केर काढला ती काळदरा, आणि पोर डोंगरावर निघून गेली ती परत आलीच नाही. वडिलांना सांगा वर नारळ घेऊन जा.

आता कामाचं. शनिवारी रात्री मुंबई-पुण्याच्या गाड्या येतात, शेकड्याने पोरं सूर्योदयाला चढतात आणि तीच साडेआठ ते दहा उतरतात. तुम्ही तेव्हा नेमके शिड्यांखाली असाल. घाई करू नका, बाजूला बसवा, त्यांना जाऊ द्या. पहाटे लोखंडावर दव असतं, हाताला चटका बसल्यासारखं गार लागतं आणि बूट सरकतो, उशिरा गेलात की तेवढा त्रास नाही. शेवटच्या शिडीच्या अलीकडे विहीर आहे, पण पाणी आपलं न्या. वाटेत चहा, लिंबू सरबत, भजी मिळतं सुट्टीच्या दिवशी.

जुनी_दुर्बीण (११:००)
मग आता तुमच्या प्रश्नाचं नीट उत्तर देता येईल. बारी माथ्याच्या पूर्वेला आहे, घोटी उत्तरेकडे, म्हणजे तुमचा रस्ता उत्तरेकडून येऊन डोंगराला वळसा घालून पूर्वेला जातो. सूर्योदयाला बारीकडे बघायचं म्हणजे थेट उन्हात बघायचं, ती सगळ्यात वाईट वेळ. हिवाळ्यात दुपारी सूर्य डोक्यावर येत नाही, दक्षिणेकडेच कलून असतो, म्हणजे उत्तरेकडे तोंड केलं की ऊन तुमच्या पाठीवर. बारा ते दीड ही तुमची वेळ.

साडेपाचला नाशिक सोडा, साठ-पासष्ट किलोमीटर आहे, सातला बारी. सव्वासातला चालायला सुरुवात, वडिलांच्या चालीने साडेचार-पाच तास धरा. सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. म्हणून जिथे असाल तिथून दीड वाजता मागे फिरायचं, शिखर दहा मिनिटांवर राहिलं असलं तरी. हे त्यांना आज घरी सांगून ठेवा, तिथे वाद घालू नका.

हवेचं म्हणाल तर निफाडचा पारा उतरलाय आणि उत्तरेचा वारा सुटलाय अशी बातमी असेल तर हवा चांगली. ढगाळ, कोंदट आणि वारा पडलेला असेल तर मी पुढच्या आठवड्यावर टाकेन.

गडभटक्या (११:२०)
आणि चढताना घामाने बनियन भिजतं, वर वाऱ्यात तेच अंगावर गार पडतं. एक कोरडं बनियन आणि कानटोपी सॅकमध्ये सगळ्यात वर ठेवा. माझ्या मामांना वर हुडहुडी भरली ती याच्यामुळेच, थंडी विशेष नव्हती.

स्टेअरिंग (रात्री ९:१५)
पांडवलेणी झाली. दोनदा चढले, बोलत बोलत. उतरताना उजवा गुडघा धरत होते, विचारलं तर "कुठे काय". काठ्या घेतल्या. डॉक्टर म्हणाले गोळी नेहमीच्या वेळी घ्या, धाप लागली की थांबा. काचेचं उदाहरण वडिलांना सांगितलं तर लगेच म्हणाले, हो की, सकाळच्या फेरीला उगवतीकडे जाताना मी काच दोनदा पुसायचो, मळ काचेवर नसायचाच. रविवारी जातोय, दुपारचाच हिशोब धरून.

सह्यवारा (९:३०)
ठीक आहे, तुझा हेतू वेगळा आहे. पण एकदा त्यांना सूर्योदयाला पण ने. शुभेच्छा.

स्टेअरिंग (सोमवार, रात्री १०:०५)
जाऊन आलो. बारा वीसला वर. पोरं उतरताना शिडीखाली पाऊण तास बसावं लागलं, वडील बसून शेंगदाणे खात होते. हरिश्चंद्रगडाच्या बाजूला सगळं पुसट, तो दिसलाच नाही, भंडारदऱ्याचं पाणी नुसतं चमकत होतं. अलंग-मदन-कुलंग निळसर. पण उत्तरेकडे रस्ता दिसला. वडिलांनी देवीला नारळ ठेवला आणि आधी दहा मिनिटं काही बोललेच नाहीत, मग बोट करून एकेक वळण सांगायला लागले. इथे पावसात गाडी बंद पडली होती, अकरा पॅसेंजर होते, त्या समोरच्या वाडीतून भाकरी आल्या. इथे एक आजी रोज हात करायची, तिला स्टॉप नव्हता तरी थांबवायचो. तेवढ्यात खालून एक लाल ठिपका सरकताना दिसला, घोटीकडून येणारी गाडी. ती डोंगराच्या सोंडेआड जाईपर्यंत ते उभे होते. आणि मला म्हणाले, आता तिसऱ्या गिअरला टाकली असेल.

दीडला म्हणालो चला, एका शब्दाने वाद घातला नाही. उतरायला चार तास लागले, गुडघा सुजलाय थोडा, टेकडीवाली ताई आता बर्फ किती वेळ लावायचा?

टेकडीवाली (१०:२०)
कापडात गुंडाळून पंधरा मिनिटं, दिवसातून तीनदा, दोन दिवस. थेट कातडीवर नको. सूज चार दिवसांत उतरली नाही तर दाखवा. त्यांना माझा नमस्कार सांगा.

रानजाई (१०:४१)
वाचून डोळे भरून आले हो. मी उगाच सप्तशृंगी सांगत बसले.

चौघी_पुण्याच्या (मंगळवार, सकाळी ९:००)
धागा वर काढतेय. आम्ही चौघी पुढच्या शनिवारी जाणार आहोत, वरून सगळं दिसेल का? सूर्योदयाला जावं का दुपारी? लवकर सांगा प्लीज, गाडी बुक करायची आहे.

जुनी_दुर्बीण (९:१२)
ताई, तुम्हाला कुठल्या बाजूचं बघायचंय?