मदत हवी आहे : जुन्या डच खतातील जमिनीचे क्षेत्र हेक्टरमध्ये कसे आणावे?

नमस्कार. मी नेदरलँड्समध्ये लायडन शहराजवळ राहते. शेजारच्या आजोबांकडे त्यांच्या घराण्याच्या एका कुरणाचे दोन जुने कागद आहेत. त्यांची नजर आता अधू झाली आहे, म्हणून हे कागद वाचून त्यांतील क्षेत्र आजच्या मापात काढून देण्याचे काम मी अंगावर घेतले आहे. पहिला कागद १७८७ सालचे खरेदीखत असून त्यात ‘३ मॉर्खन, ४ हॉन्ट, ५० रूडे, राइनलंड मापाने’ असे लिहिले आहे. दुसरा १८३२ च्या भूमापन नोंदवहीचा उतारा आहे आणि त्यात त्याच कुरणापुढे ‘३ बुंडर, १८ रूडे, ४० एल’ अशी नोंद आहे.

पहिल्या कागदाचा हिशेब मी असा केला. राइनलंडचा फूट ३१.४ सेंटिमीटरचा आणि असे बारा फूट म्हणजे एक रूडे, म्हणजेच ३.७६७ मीटर, त्यावरून एक चौरस रूडे १४.१९३ चौरस मीटरचा होतो. शंभर चौरस रूडे म्हणजे एक हॉन्ट आणि सहा हॉन्ट म्हणजे एक मॉर्खन. मॉर्खन या शब्दाचा अर्थ सकाळ. एका औताने सकाळभरात नांगरून होईल तेवढी जमीन, असे त्याचे मूळ सांगतात. ती सुमारे ८,५१६ चौरस मीटर, म्हणजे आपल्या ८४ गुंठ्यांएवढी भरते. खतातील क्षेत्र एकूण २,२५० चौरस रूडे, म्हणून ३१,९३४ चौरस मीटर.

अडचण दुसऱ्या कागदाची आहे. बुंडर म्हणजे हेक्टर हे मला ठाऊक होते. रूडेला मी वरचाच आकडा लावला आणि एल हा अ‍ॅमस्टरडॅमच्या कापडबाजारातला सुमारे ६९ सेंटिमीटरचा गज धरला. बेरीज ३०,२७४ चौरस मीटर आली, म्हणजे पंचेचाळीस वर्षांत सोळा गुंठे जमीन नाहीशी झाली. इकडे शेतांच्या मध्ये बांध नसतात, पाण्याचे चर असतात. आणि मधल्या काळात पलीकडच्यांनी चर आपल्या बाजूला सरकवला, असे आजोबांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या बोलले जाते. आपल्याकडे बांध कोरल्याचे जे दुखणे असते, तेच हे. माझ्या आकड्याने त्या बोलण्याला पुरावा मिळाल्यासारखे होईल, म्हणून तो त्यांना सांगण्याआधी जाणकारांनी तपासून द्यावा, ही कळकळीची विनंती.

प्रतिसाद १

ताई, आकडा सांगितला नाहीत हे फार चांगले केलेत, कारण तुमच्या दोन कागदांतला ‘रूडे’ एकच नाही. नेदरलँड्सने १८१६ च्या कायद्याने दशमान मापे स्वीकारली आणि १८२० पासून ती वापरात आणली. परंतु लोकांना परके शब्द जड जाऊ नयेत म्हणून नव्या मापांना जुनीच नावे दिली. एल म्हणजे नेमका एक मीटर झाला, रूडे दहा मीटरचा झाला आणि बुंडर हेक्टरचा. त्यामुळे १८३२ च्या नोंदवहीतला चौरस रूडे १४ नव्हे, तर १०० चौरस मीटरचा आहे, म्हणजे जवळजवळ आपला गुंठाच. हेक्टर, आर ही नावे तिकडच्या कायद्यात १८६९ साली आली.

तेव्हा हा उतारा आपल्या सातबाऱ्यासारखा सरळ वाचा : ३ हेक्टर, १८ आर, ४० चौरस मीटर. एकूण ३१,८४० चौरस मीटर झाले. खताशी फरक फक्त ९४ चौरस मीटरचा, म्हणजे एका गुंठ्याहूनही कमी. साखळीने आणि काठीने मोजलेल्या कुरणाच्या दोन मोजण्यांत एवढे जुळणे याला मी तरी उत्तम मोजणी म्हणेन.

खताचा हिशेब बरोबर आहे. त्यात ‘राइनलंड मापाने’ हे शब्द आहेत हे तुमचे भाग्य, कारण अ‍ॅमस्टरडॅमचा रूडे तेरा फुटांचा असला तरी तिथला फूट २८.३ सेंटिमीटरचाच होता, त्यामुळे तिथला मॉर्खन सुमारे ८,१२९ चौरस मीटरवर थांबतो. त्या मापाने हेच कुरण दीड हजार चौरस मीटरने लहान दिसले असते. इंटरनेटवर मॉर्खनसाठी ०.८५६५ हेक्टर हा आकडाही पुष्कळदा दिसतो, पण तो दक्षिण आफ्रिकेतील केप प्रांताचा आहे. लायडनच्या जमिनीला तो लावू नका.

मूळ प्रश्नकर्ती

मनापासून आभार. तुमचा प्रतिसाद वाचल्यावर मी उतारा पुन्हा भिंगाखाली धरला. रकान्यांच्या डोक्यावर बुंडर, रूडे, एल असे छापलेले आहे, आणि पानभर पाहिले तरी रूड्यांच्या आणि एलच्या रकान्यांत ९९ च्या वर एकही आकडा नाही. शंभर झाले की पुढच्या रकान्यात. हे माझ्या आधीच लक्षात यायला हवे होते.

आज संध्याकाळी दोन्ही आकडे मोठ्या अक्षरांत लिहून आजोबांकडे नेले. त्यांनी ‘३.१९’ आणि ‘३.१८’ यांवरून दोनदा बोट फिरवले आणि म्हणाले, “म्हणजे चर होता तिथेच आहे.”