बांगडी ‘वाढते’, मग त्या दिवशी ‘फोडतात’ का?

चर्चेचा विषय (कराड)

‘वाढणे’ आणि ‘वाढवणे’ या क्रियापदांबद्दल एक शंका बरीच वर्षं मनात आहे. जाणकारांनी मदत करावी.

बांगडी फुटली की ‘फुटली’ म्हणायचं नाही, ‘वाढली’ म्हणायचं. मंगळसूत्राचा दोरा तुटला तरी ते ‘वाढलं’. देवापुढचा नारळ ‘वाढवायचा’, संध्याकाळी दुकान ‘वाढवायचं’. दिवा विझवायचा नाही, शांत करायचा. निघताना ‘जातो’ म्हणायचं नाही, ‘येतो’ म्हणायचं. आमच्या घरात हे इतकं कडक होतं की लहानपणी ‘आई, तुझी बांगडी फुटली’ असं ओरडले म्हणून शेजारच्या काकूंनी माझ्या तोंडावर हात ठेवला होता. आईचा हात कढईच्या कडेला लागून काच तडकली की ती क्षणभर थांबायची, हलकेच म्हणायची, ‘वाढली गं बाई.’ मग तुकडे वेचून तुळशीच्या बुंध्याशी टाकायची. केरात कधीच नाही.

1996 साली वडील गेले. मी 14 वर्षांची होते. बायका जमल्या. आईने हात पदराखाली ओढून घेतले होते. ज्या काकूंनी माझं तोंड दाबलं होतं, त्यांनीच ते हात बाहेर काढले आणि दुसरीला म्हणाल्या, ‘फोडा.’ एक काच डाव्या मनगटात रुतली. तो व्रण अजून आहे.

माझा प्रश्न भाषेचाच आहे. नवरा वारल्यावरच्या या विधीला ‘बांगड्या वाढवल्या’ असं कुणी, कुठल्या भागात म्हणतं का? मी तरी कधी ऐकलं नाही. त्या दिवशी कुंकू पुसतात, मंगळसूत्र तोडतात, बांगड्या फोडतात. इतर वेळी जपून बोलणारी मराठी तिथे एवढी उघडी का होते?

प्रतिसाद 1 (इंदूर)

ताई, आमच्याकडच्या हिंदीतही दुकान आणि दिवा ‘बढ़ाते’च आहेत. म्हणजे ही रीत एकट्या मराठीची नाही. जे होऊ नये असं वाटतं त्याचं नाव घ्यायचं नाही, उलट अर्थाचा शब्द ठेवायचा. सापाला रात्री ‘लांबडं’ किंवा ‘जनावर’ म्हणतात, तेही त्याच भीतीने.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला असं दिसतं: ‘वाढली’ या शब्दाने राखण व्हायची ती नवऱ्याच्या आयुष्याची. बाईच्या हाताची राखण त्या शब्दाने कधी केलीच नव्हती. नवरा गेला, राखण्यासारखं काही उरलं नाही, म्हणून शब्दही उरला नाही. हे लिहिताना मलाच कसंतरी होतंय, पण दुसरा अर्थ लागत नाही.

प्रतिसाद 2 (पुणे)

वरच्या प्रतिसादाशी सहमत. याच घरातल्या आणखी दोन शब्दांबद्दल थोडं लिहितो.

पहिला शब्द ‘विधवा’. शाळेत आपल्याला ‘वि + धव’, म्हणजे धव (नवरा) नसलेली, अशी फोड शिकवतात. यास्काने निरुक्तात, म्हणजे वैदिक शब्दांच्या व्युत्पत्तीच्या प्राचीन ग्रंथात, या शब्दाच्या अनेक व्युत्पत्ती दिल्या आहेत आणि ‘धव म्हणजे मनुष्य, त्याच्या वियोगामुळे विधवा’ ही त्यातली शेवटची, ‘अपि वा’ म्हणून जोडलेली. तुलनात्मक भाषाशास्त्र तर म्हणतं की मूळ शब्द अखंडच होता. लॅटिनमध्ये ‘विदुआ’, इंग्रजीत ‘विडो’, जर्मनमध्ये ‘विटवं’. या सगळ्यांच्या मुळाशी वेगळं पडणं, उणं होणं हा अर्थ आहे. नवरा त्यात कुठेच नाही. पुढे कुणीतरी सुरुवातीचा ‘वि’ उपसर्ग समजून तोडला आणि उरलेल्या ‘धव’ला नवरा ठरवलं.

दुसरा शब्द ‘अहेव’, म्हणजे सवाष्ण. ‘अहेवपण’, ‘अहेव मरण’ हे आपण किती कौतुकाने म्हणतो. हा शब्द ‘अविधवा’ प्राकृतातून झिजून आलेला आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात ‘इमा नारीरविधवाः’ असं आहेच, आणि कॅलेंडरावर भाद्रपद वद्य नवमीला अजून ‘अविधवा नवमी’ छापतात. म्हणजे सगळ्यात मंगल मानलेल्या शब्दाच्या पोटात ‘विधवा’ बसलेलीच आहे. ‘विधुरा’चं असं काही नाही. ‘अविधुर नवमी’ नाही, आणि बायको गेल्यावर पुरुषाच्या नावामागचं ‘श्री.’ही बदलत नाही.

प्रतिसाद 3 (शिरोळ तालुका)

मी हेरवाडच्या शेजारच्या गावचा. 4 मे 2022 ला हेरवाडच्या ग्रामसभेनं विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, तो आता सगळ्यांना म्हाईत आहे. ही कल्पना मुळात करमाळ्याचे प्रमोद झिंजाडे यांची. कोरोनात आमच्या भागात तरण्या पोरी मागं राहिल्या होत्या, त्यामुळं बोलणं सोपं नसलं तरी टाळता येत नव्हतं. पाठोपाठ हातकणंगले तालुक्यातल्या माणगावानं तसाच ठराव केला, आणि 17 मे ला सरकारनं सगळ्या ग्रामपंचायतींसाठी परिपत्रक काढलं.

ताई, तुमच्या प्रश्नाच्या अंगानं त्या ठरावाची भाषा बघा. कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे, बांगड्या फोडणे, जोडवी काढणे. सरळ चार क्रियापदं. आमच्याकडं चारचौघांत असलं बोलायचं झालं तर लोक ‘ते सगळं करत्यात न्हवं’ असं म्हणून माना खाली घालायचे. ‘ते सगळं’ म्हणजे काय, हे सभेत मोठ्यानं वाचावं लागलं. नाव घेतल्याशिवाय बंदी कशावर घालणार?

आता खरं सांगतो, ठराव झाला म्हणून सगळं थांबलं असं नाही. सासू ऐकत नाही, भावकी बोलते. पण पूर्वी नको म्हणणारी बाई एकटी पडायची. आता तिच्या बाजूनं ग्रामपंचायतीचा कागद आहे.

प्रतिसाद 4 (नाशिक)

नावं बदलायला हवीत, हे माझं मत. ‘रांड’ हा एकेकाळी विधवेसाठीचा साधा शब्द होता, त्याची शिवी झाली. ‘बोडकी’चीही झाली. ‘पांढऱ्या कपाळाची’, ‘पांढऱ्या पायाची’ आहेतच. इतक्या शिव्यांतून वाचण्यासाठी एखादा आदराचा शब्द असला तर काय बिघडलं? विधवेच्या नावामागे लावायचा ‘गंगाभागीरथी’ त्यासाठीच आला असणार.

प्रतिसाद 5 (मुंबई)

नाशिकच्या ताईंची कळकळ समजते, तरी मला पटत नाही. एप्रिल 2023 मध्ये महिला व बालविकास मंत्र्यांनी सरकारी कामात ‘विधवा’ऐवजी ‘गं. भा.’ वापरण्याचा प्रस्ताव ठेवला होता. सगळीकडून विरोध झाला आणि त्यांना खुलासा करावा लागला. विरोध बरोबरच होता. लग्नपत्रिकेत ‘सौ.’च्या रांगेत एकटीच ‘गं. भा.’ छापली की वाचणाऱ्याला सगळं कळतं. शब्द पवित्र आहे, पण काम शिक्क्याचंच करतो.

‘केशवपन’ हा शब्दही असाच सोवळा, भारदस्त. वस्तरा मात्र तोच. 1890 साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी नाभिकांची सभा भरवली आणि विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही, असं तिथे ठरलं. तीनच वर्षांनी, 1893 मध्ये, धोंडो केशव कर्व्यांनी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या विधवा गोदूबाईंशी लग्न केलं, तेव्हा मुरूडच्या लोकांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला. ज्या जातींत विधवेचं पुन्हा लग्न होत असे, तिथेही त्याला ‘लग्न’ म्हणत नसत. ‘पाट’ किंवा ‘मोहतूर’ म्हणत, आणि तो बहुतेक रात्रीच लावत. मला वाटतं नवा शब्द शोधण्यापेक्षा जुनेच शब्द तिला परत द्यावेत. लग्नाला लग्न म्हणावं, आणि नावामागे काही लावायचंच तर सगळ्याच बायकांना एकच लावावं.

मूळ लेखिका (कराड)

सगळ्यांचे मनापासून आभार. इंदूरच्या दादांचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘बरोबर लिहिलंय त्यांनी. मला वाढव म्हणाल्या असत्या तरी मी हात दिला नसता.’

एक सांगायचं राहिलं. दोन वर्षांपूर्वी माझ्या मुलीने आजीसाठी डझनभर हिरव्या बांगड्या आणल्या. आईने त्या महिनाभर कपाटात ठेवल्या, मग एक दिवस दोन्ही हातांत दोन-दोन घातल्या. यंदा संक्रांतीच्या आदल्या दिवशी तीळ धुताना नळाला लागून त्यातली एक तडकली. मी स्वयंपाकघरातच होते. आई नळ बंद करून उभी राहिली आणि सवयीने म्हणाली, ‘वाढली गं.’ मग एकेक तुकडा वेचून तुळशीकडे गेली.