व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाच्या मेंदूत शेकडो काळे ठिपके: हेपॅरिन थांबवायचं का?

प्रश्न:
एआरडीएसमुळे (फुफ्फुसं अचानक निकामी होण्याचा गंभीर आजार) तीन आठवडे व्हेंटिलेटरवर असलेला रुग्ण. गुंगीची औषधं थांबवल्यावर डोळे उघडतो, पण सांगितलेलं करत नाही. सीटीत काही नाही. एमआरआयच्या एसडब्ल्यूआयमध्ये (रक्ताचे सूक्ष्म अंश दाखवणारी प्रतिमा) मात्र असंख्य बारीक काळे ठिपके. जुना रक्तदाब नाही, डोक्याला मार नाही. हे कशाने होतं? गुठळ्या होऊ नयेत म्हणून चालू असलेलं हेपॅरिन बंद करू का?

उत्तर १ (रेडिओलॉजी):
ठिपके मोजत बसू नका, ते कुठे आहेत ते बघा. कॉर्पस कॅलोसममध्ये (मेंदूचे दोन भाग जोडणारा पट्टा), विशेषतः त्याच्या मागच्या टोकाला, म्हणजे स्प्लेनियममध्ये दाटी, कॉर्टेक्सच्या (मेंदूचा बाहेरचा थर) लगेच खालच्या व्हाइट मॅटरमध्ये (मज्जातंतूंचा भाग) शिंपडल्यासारखे, आणि खोलवरचे बेसल गँग्लिया-थॅलॅमस जवळजवळ कोरे: असं चित्र असेल तर गंभीर आजारातले सूक्ष्म रक्तस्राव हेच निदान पुढे येतं. अतिउंचीवर मेंदूला सूज येऊन वाचलेल्या गिर्यारोहकांतही स्प्लेनियममध्ये असेच ठिपके दिसतात, म्हणून ऑक्सिजनच्या कमतरतेवर संशय आहे. रक्तवाहिनी फुटत नाही, अस्तर सैल होऊन लाल पेशी झिरपतात, असा तर्क आहे.

रक्तदाबाचे ठिपके थॅलॅमस, बेसल गँग्लिया, पॉन्समध्ये (मेंदूच्या देठाचा भाग) असतात. अमायलॉइडचे (रक्तवाहिन्यांत साचणारं प्रथिन) कॉर्टेक्सलगत आणि म्हाताऱ्या माणसांत. खरी फसगत फॅट एम्बोलिझममध्ये (चरबीचे कण रक्तातून मेंदूत जाणं) होते, कारण तिथेही व्हाइट मॅटरच भरतं. मांडीचं किंवा नडगीचं हाड मोडून एक ते तीन दिवसांत मेंदूची लक्षणं आली का, ते विचारा. कॉर्टेक्समध्ये विखुरलेले ठिपके आणि ताप असेल तर ब्लड कल्चर आणि हृदयाचा इको करा, एंडोकार्डायटिस (हृदयाच्या झडपांचा संसर्ग) सुटता कामा नये.

एसडब्ल्यूआयसोबतची फेज इमेज पाहिल्याशिवाय रिपोर्ट देऊ नका. कॅल्शियम आणि रक्त तिथे उलट छटेत दिसतात. ठिपका वरच्या-खालच्या स्लाइसमध्ये लांबत गेला तर ती रक्तवाहिनी. 3 टेस्लाच्या (चुंबकाची ताकद) मशीनवर जास्त ठिपके दिसतात, त्यामुळे 1.5 टेस्लाच्या जुन्या स्कॅनशी तुलना करून 'वाढले' म्हणू नका.

उत्तर २ (क्रिटिकल केअर):
प्रतिबंधक मात्रेतलं हेपॅरिन केवळ ठिपक्यांसाठी मी बंद करणार नाही. इतके दिवस पडून असलेल्या रुग्णाला पल्मनरी एम्बोलिझमचा (फुफ्फुसात गुठळी अडकणं) धोका खराच आहे. प्लेटलेट, रक्त गोठण्याच्या तपासण्या (पीटी, एपीटीटी, फायब्रिनोजेन) आणि स्मिअरवर (काचेवरचा रक्ताचा नमुना) तुटक्या लाल पेशी मात्र बघाच. डीआयसी किंवा टीटीपी (शरीरभर बारीक गुठळ्या होऊन प्लेटलेट संपण्याचे आजार) निघालं तर सगळा विचार बदलतो. हेपॅरिनवर असताना प्लेटलेट निम्म्यावर आल्या तर एचआयटीचाही (हेपॅरिनमुळेच प्लेटलेट घटणं) विचार करा.

पूर्ण मात्रा लागणारच असेल तर आधी ताजा सीटी, मग बोलस (एकदम मोठा डोस) न देता अनफ्रॅक्शनेटेड (साधं) हेपॅरिनचं इन्फ्युजन. ते थांबवलं की काही तासांत उतरतं आणि प्रोटामीनने उलटवता येतं.

शुद्ध न येण्याचं खापर लगेच ठिपक्यांवर फोडू नका. मूत्रपिंड बिघडलं असेल तर मिडाझोलाम या गुंगीच्या औषधाचा अंश दिवसेंदिवस रेंगाळतो. ईईजी (मेंदूच्या विद्युत लहरींची नोंद) करा, झटके न दिसताही चालू असू शकतात. सोडियम, युरिया, अमोनिया बघा. डीडब्ल्यूआयमध्ये (एमआरआयची आणखी एक प्रतिमा) व्हाइट मॅटर पसरट उजळलं असेल तर हायपॉक्सियाची (ऑक्सिजनच्या कमतरतेची) इजा ठिपक्यांपेक्षा जास्त महत्त्वाची.

उत्तर ३ (भूलतज्ज्ञ):
पुन्हा स्कॅनला नेणार असाल तर व्हेंटिलेटर बदलताना श्वास आत भरलेला असताना ट्यूब क्लॅम्प करा, नाहीतर पीप (फुफ्फुस उघडं ठेवणारा दाब) गेलं की फुफ्फुस मिटतं. तारेची आर्मर्ड ट्यूब असेल तर आधी बदला. कफच्या पायलट फुग्यात स्प्रिंग असते, तो डोक्यापासून लांब चिकटवा. नॉरअॅड्रेनालिनची (रक्तदाब टिकवणारं औषध) लांब लाइन आधीच भरून ठेवा, रिकामी जोडली तर रक्तदाब कोसळतो. एसडब्ल्यूआय आधी घ्या, म्हणजे स्कॅन मध्येच सोडावा लागला तरी ते हाती राहील. एक्मोवर (शरीराबाहेर रक्तात ऑक्सिजन भरणारं सर्किट) असेल तर थांबा. ठिपके महिनोन्महिने टिकतात, सर्किट निघाल्यावरही दिसतील.

प्रश्नकर्ता:
नातेवाईक ठिपक्यांची संख्या विचारताहेत. काय सांगू?

उत्तर २:
संख्येवरून भाकीत करू नका आणि तेवढ्यावरून उपचार थांबवण्याची चर्चा तर नकोच. मेंदूला इजा झाल्याची खूण दिसते आहे, किती भरून येईल ते पुढच्या तपासण्यांतून कळेल, असं स्पष्ट सांगा. गुंगीची औषधं पूर्ण उतरल्यानंतरची तपासणीच ग्राह्य धरा.