रोजे आणि तब्येत : आपापले अनुभव लिहा

अस्सलामु अलैकुम, नमस्कार. रमजानच्या आधीचा शाबान महिना लागला की आमच्या घरात एकच विषय असतो, अम्मीने यंदा रोजे धरायचे का? कुरआनच्या ज्या सूरह बकरामध्ये रोजे फर्ज झाले, तिथेच 184 आणि 185 या आयतींत आजारी माणसाला आणि मुसाफिराला ते नंतर पुरे करायची मुभा आहे. तरी "आज माझा रोजा नाही" हे सांगताना आपल्या माणसांचा आवाज खाली येतो. हे मला फार लागतं. गोळ्या, कजा (सुटलेला रोजा नंतर धरणं), फिदया (रोजाच्या बदल्यात गरिबाला अन्न देणं), घरातली वादावादी, जे अनुभवलं ते मोकळेपणी लिहा. सुरुवात मी करते.

अम्मीला शुगर आहे. नाश्त्याआधीची ग्लिमेपिराइड डॉक्टरांनी रमजानसाठी इफ्तारला नेली, डोस कमी केला आणि बजावलं, मीटरवर 70च्या खाली आकडा दिसला तर घड्याळ न बघता रोजा मोडायचा. अम्मीचा ठाम समज की बोटाला टोचून रक्त काढलं की रोजा जातो. मोहल्ल्यातल्या मौलानांनी तसं नाही म्हणून सांगितलं, तेव्हा कुठे ती मीटरला हात लावू लागली. एकदा असरनंतर, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजानंतर, भज्यांचं पीठ भिजवताना तिचे हात कापायला लागले, कपाळावर घाम. मीटरवर 62. "मगरिबला, रोजा सोडायला तासच राहिलाय गं, काढते की." अब्बांनी काही न बोलता ग्लासात साखर ढवळली आणि तिच्यापुढे धरली. प्यायली आणि रडली. मौलाना म्हणाले, याला कफ्फारा (मुद्दाम रोजा मोडल्याचं प्रायश्चित्त) नाही, एका रोजाची कजा तेवढी. ती तिने डॉक्टरांना विचारून डिसेंबरात धरली. दिवस लहान, उन्हाचा त्रास नाही.

माहेर कोल्हापूर, सासर रत्नागिरी
माझं माहेर हनफी, सासर कोकणी म्हणजे शाफई, दोन वेगळ्या इमामांना मानणारे सुन्नी पंथ. लेक अंगावर पीत होती, दूध कमी पडायला लागलं म्हणून रोजे थांबवले. माहेरचे म्हणाले, नुसती कजा कर. सासूबाई म्हणाल्या, बाळाच्या काळजीने थांबवलेस ना, मग कजा आणि वर रोजामागे एक मुद्द (दोन्ही हातांच्या ओंजळीएवढं माप) तांदूळ फिदया. दोन्ही आपापल्या इमामांच्या मताप्रमाणे बरोबरच. मी सासरचं ऐकलं, तांदूळ सासूबाईंनीच मोजून दिले. पण कजा अजून फिटलेली नाही, कारण मध्ये दुसरं बाळंतपण आलं. बायकांच्या डोक्यावर हे ओझं वर्षानुवर्षं राहतं आणि त्याबद्दल कुणी विचारतही नाही.

सोलापूर, जनरल प्रॅक्टिस
मी हिंदू, पण दवाखान्यात येणारे बरेच पेशंट मुस्लिम. रमजानमध्ये ते दिसेनासे होतात आणि ईदनंतर बीपी, शुगर वाढवून येतात. गोळ्या महिनाभर बंद असतात. डॉक्टर रोजे धरू नका म्हणतील, या भीतीने विचारलेलंच नसतं. मंडळी, बहुतेकांना आम्ही नाही म्हणत नाही, वेळा बदलून देतो. नुसत्या मेटफॉर्मिनने शुगर सहसा धोकादायक खाली जात नाही. धास्ती असते ती इन्शुलिनची आणि ग्लिमेपिराइडच्या जातीच्या गोळ्यांची. 2001च्या रमजानमध्ये 13 देशांत झालेल्या एपिडायर अभ्यासात टाइप 2च्या रुग्णांना भरती करावं लागेल इतकी शुगर घसरण्याचं प्रमाण साडेसात पट झालं होतं. 300च्या वर गेली तरीही रोजा मोडायचाच. सहा-आठ आठवडे आधी या, म्हणजे डोस बसवायला वेळ मिळतो.

मुंब्रा, कॉलेजमध्ये शिकते
पाळीत रोजा नसतोच, नंतर कजा असते. तरी भावांसमोर पाणी प्यायची चोरी. घोट घ्यायलासुद्धा किचनच्या दाराआड. अशक्तपणा, पोटात कळा, त्यात हे नाटक. आता अम्मी सरळ ताट वाढते आणि "तिला आज सुट्टी आहे" म्हणून मोकळी होते.

पुणे
दम्याचा पंप. आमचे मुफ्तीसाहेब म्हणतात रोजा मोडतो. सौदीत नोकरीला असलेला भाऊ तिथल्या उलेमांचं मत सांगतो, मोडत नाही. मी रोजचा पंप सहेरीला (पहाटेच्या जेवणाला) आणि इफ्तारनंतर घेतो. मध्येच दम लागला तर वाट बघत नाही, लगेच घेतो आणि कजा धरतो. डायलिसिसवरचं कुणी आहे का इथे? मामूंसाठी फिदयाचं विचारायचंय.

मालेगाव
भाईजान, माझे शौहर डायलिसिसवर आहेत. आम्ही हनफी. बरं होऊन रोजे धरता येण्याची उमेद नसेल तरच फिदया, नाहीतर कजा. रोजामागे साधारण पावणेदोन किलो गहू किंवा त्याची किंमत. मशिदीत फित्र्याची (ईदआधी गरिबांना द्यायच्या दानाची) रक्कम जाहीर होते, तीच एका रोजाची धरा. आणि इफ्तारला खजूर मोजून खायला सांगा, त्यात पोटॅशियम फार. पाण्याचं प्रमाणही डॉक्टरांनाच विचारा.