पेमेंट अडकलंय, कोर्टात न जाता काही होईल का?

लेथवाला_भोसरी:
भोसरीत छोटं वर्कशॉप आहे माझं, दोन लेथ आणि एक मिलिंग. एका कंपनीला बुश (मशीनचे छोटे पार्ट) बनवून दिले, ४ लाख ८० हजार सात महिने अडकलेत. आता म्हणतात माल साइजमध्ये नव्हता, पण माल पोचल्याच्या चलनावर त्यांच्याच स्टोअरचा शिक्का आहे आणि रिजेक्शनचा एक मेल नाही. वकील म्हणतात केस टाका, पण तारखांना फिरू का मशीन चालवू? पुढचं कामही त्यांच्याकडूनच येतं हो.

जुना_सप्लायर:
दादा, उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, माल द्यायच्या आधीचं आहे ना? मग छोट्या उद्योगांच्या अडकलेल्या पैशांसाठी सरकारी फॅसिलिटेशन कौन्सिल असते, तिच्याकडे ऑनलाइन अर्ज टाका. २००६ च्या एमएसएमई कायद्याने जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावेच लागतात, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट चक्रवाढ व्याज, तेही दर महिन्याला. कौन्सिल आधी समेट करायला बसवते, नाही जमलं तर लवाद (कोर्टाबाहेरचा निवाडा), आणि त्या निवाड्याला कोर्टात आव्हान द्यायचं तर कंपनीला आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. माझ्या पार्टीचा फोन व्याजाचा आकडा बघूनच आला होता.

मध्यस्थ_पुणे:
३ लाख किंवा जास्तीच्या कमर्शियल दाव्यात तातडीचा मनाई हुकूम नको असेल तर आधी मध्यस्थी करावीच लागते, विधी सेवा प्राधिकरणात. तिथली तडजोड लवादाच्या निवाड्याइतकी पक्की. संबंध टिकवायचेत तर हा रस्ता बरा, पण समोरचा आलाच नाही तर तिथंच थांबतं, म्हणून मी तरी कौन्सिलच म्हणेन.

लेथवाला_भोसरी:
उद्यम २०२१ चं आहे! आजच शिक्क्याची चलनं स्कॅन करतो. खूप आभार दोघांचे.