सूक्ष्मवाचन शिकायला कुठलं पुस्तक घेऊ?

शब्दवेडी: बाहेरून एम.ए. करतेय. कवितेच्या रसग्रहणावर बाईंचा शेरा आला, 'आशय सांगितलात, पण ओळ कुठे वाचलीत?' पटलं. मी भराभर वाचते, गोष्ट कळली की पान उलटते. शब्दापाशी थांबायची सवय कशी लावू? समीक्षेचे जाडजूड ग्रंथ दोनदा उघडून मिटले. घरात चार वर्षांची लेक आहे, वेळ तुकड्यातुकड्यांनीच मिळतो.

पिंपळपान: मग लेकीला मांडीवर घ्या आणि पॅट हचिन्स यांचं 'रोझीज वॉक' वाचा. १९६८ सालचं इंग्रजी चित्रपुस्तक. अख्ख्या पुस्तकात एकच वाक्य, ३२ शब्दांचं. रोझी नावाची कोंबडी फेरफटका मारायला निघते. अंगण, तळं, गवताची गंजी, गिरणी, कुंपण, मधमाश्यांच्या पेट्या असं करत जेवायच्या वेळेला घरी येते. चित्रांत मात्र तिच्या मागे कोल्हा आहे, आणि शब्दांत त्याचा एकदाही उल्लेख नाही!

आधी चित्रं झाकून नुसते शब्द वाचा, मग नुसती चित्रं बघा. कोल्हा तोंडघशी पडतो त्या पानांवर एकही शब्द नाही, हे तेव्हा दिसेल.

गिरणीपाशी रेंगाळा. रोझीच्या पायात दोरी अडकते आणि पीठ कोल्ह्यावर ओतलं जातं. तिला हे ठाऊक आहे का? मी म्हणते नाही, आमचे हे म्हणतात सगळं ठाऊक आहे. यावर आम्ही अर्धा तास भांडलोय, पण दोघांनीही पानावर बोट ठेवून. बाईंना तुमच्याकडून तेच बोट हवंय.

शब्दवेडी: लेकीसाठी मराठी करावं लागेल. मजा जाईल का?

पिंपळपान: उलट तिथेच खरा अभ्यास होईल. इंग्रजीत अंगणाला 'अक्रॉस' लागतं आणि कुंपणाला 'थ्रू'. आपल्याकडे 'अंगणातून', 'कुंपणातून', दोन्हीकडे 'तून'. पहिल्या ठिकाणी 'अंगण ओलांडून' केलंत तर चाल बदलते. आणि 'निघाली' पहिल्याच पानावर हवं. आपल्या सवयीने क्रियापद शेवटी नेलंत, तर बिचारी शेवटच्या पानापर्यंत निघणारच नाही.

शब्दवेडी: वाचलं! गंजीपर्यंत लेक गप्प होती, मग माझा हात धरून म्हणाली, "आई, तू कोल्हा का नाही वाचत?" म्हटलं, लिहिलेलाच नाही गं. तिने पुस्तक ओढून घेतलं आणि पहिल्या पानापासून शोधायला बसली.