भौतिकशास्त्राच्या माणसाने तबल्यावर पीएचडी करावी का?

घुमारा:

मी तालुक्याच्या गावी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो आणि वीसेक वर्षं तबला वाजवतो. पीएचडीसाठी मी विषय मांडला होता: शाईचा, म्हणजे मधल्या काळ्या गोल लेपाचा, एकेक थर चढत जातो तसा पुडीचा, म्हणजे तबल्याच्या तोंडावरच्या चामड्याचा, नाद कसा बदलतो. विषय मंजूर करणाऱ्या समितीतले भौतिकशास्त्राचे तज्ज्ञ म्हणाले, हा संगीताचा विषय. संगीत विभागात गेलो तर संगीताची पदवी नाही म्हणून अर्जच घेतला नाही. शेवटी थिन फिल्म्सवर, म्हणजे पदार्थांच्या अतिपातळ थरांवर, काम केलं. पदवी मिळाली, पण हा विषय मनातून गेलेला नाही.

हा विषय भौतिकशास्त्राचा आहे हे मी सांगायची गरज नाही. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२० साली शिवकाली कुमार यांच्यासोबत ‘नेचर’मध्ये यावरच टिपण छापलं. साध्या ताणलेल्या चामड्यावर थाप मारली की मूळ कंपनसंख्येच्या १.५९, २.१४, २.३० पट असे एकमेकांशी न जुळणारे उपस्वर निघतात, म्हणून त्यातून नेमका स्वर ऐकू येत नाही. मधोमध शाई आली की हेच उपस्वर दुप्पट, तिप्पट, चौपट असे ओळीत येतात. १९३४ च्या लेखात रामननी दाखवलं की नऊ कंपनप्रकार मिळून पाच सुरेल स्वर तयार होतात. चामडं सुरात आणणं ही आपल्या कारागिरांची केवढी मोठी करामत आहे!

आमच्याकडे पुडी भरणारे एक काका आहेत. लोखंडाची पूड आणि शिजवलेली खळ यांचा पातळ थर ते अंगठ्याने पसरवतात, गुळगुळीत गोट्याने घोटत बसतात, बारीक तडे पडेपर्यंत. मग चाटेवर, म्हणजे पुडीच्या काठावर, बोट मारून कान खाली नेतात आणि पुढचा थर किती रुंद घ्यायचा ते ठरवतात. ते काय ऐकतात हे मला मोजायचं होतं.

माझं म्हणणं असं की विषय कुठल्या खात्यात बसतो हे बघून तो नाकारू नये. तो तपासायची साधनं त्या माणसाकडे आहेत का, ते बघावं. दामोदर कोसंबी गणिताचे. त्यांनी आहत, म्हणजे ठसे मारून बनवलेली प्राचीन नाणी तराजूवर तोलली. हातोहात फिरून नाणं झिजतं, हलकं होतं, आणि फिरताना मागे ठसेही वाढत जातात. मागच्या बाजूला जितके ठसे जास्त तितकं सरासरी वजन कमी, हे त्यांनी तक्षशिलेच्या साठ्यावरून दाखवलं आणि नाण्यांचा क्रम लावायला इतिहासकारांच्या हाती नवं साधन आलं. हे काम गणितवाल्यालाच सुचणार होतं. २०२० च्या शैक्षणिक धोरणात ‘बहुविद्याशाखीय’ हा शब्द जागोजागी आहे. समितीच्या टेबलावर तो का दिसत नाही?

सरासरी:

सर, तुमच्यावर अन्याय झाला असेल, पण मी समितीच्या बाजूने बोलणार आहे. मी संख्याशास्त्र शिकवते आणि अशा विषयांचे प्रबंध माझ्याकडे तपासायला येतात. भाषेच्या, समाजशास्त्राच्या, शिक्षणाच्या विद्यार्थ्यांनी मागे आकडेमोड जोडलेली असते. भाषेचा परीक्षक म्हणतो, आकडे मला कळत नाहीत, बरोबरच असतील. मी म्हणते, आकडे ठीक आहेत, साहित्याचं मला कळत नाही. दोघांच्या सह्या होतात आणि प्रबंध कुणीच न तपासता पास होतो. मागच्या वर्षी एका प्रबंधात चाळीस विद्यार्थ्यांच्या एका तुकडीवरून अख्ख्या जिल्ह्याच्या वाचनक्षमतेचा निष्कर्ष काढला होता. मी हरकत घेतली तेव्हा मी एकटीच होते.

कोसंबींचं नाव घेतलंत तर पूर्ण घ्या. रीमानचं गृहीतक हा गणितातला प्रसिद्ध न सुटलेला प्रश्न; त्याची सिद्धता त्यांनी कृषी संख्याशास्त्राच्या नियतकालिकात छापली. गणितज्ञांनी ती मान्य केली नाही, ती टिकली नाही. ती तपासू शकणारे लोक त्या नियतकालिकाकडे असणार कुठून? लेख जाणत्यांच्या हाती न देता दुसरीकडे छापला की इतक्या मोठ्या माणसाचीही चूक वेळेत पकडली जात नाही. १९४४ सालचं त्यांचं जनुकांच्या अंतराचं सूत्र आजही वापरात आहे, कारण ते त्या विषयातल्या लोकांनी तपासलं, वापरलं.

आणि विष्णु सीताराम सुखटणकर बघा. केंब्रिजला गणित शिकले, बर्लिनला भारतविद्येकडे वळले. पण वळल्यावर पूर्ण वळले. १९२५ पासून १९४३ मध्ये जाईपर्यंत भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती, म्हणजे हस्तलिखितं ताडून मूळ पाठ ठरवणं, हेच एक काम केलं. दोन्ही दगडांवर पाय ठेवला नाही.

षड्जपंचम:

मी गाते आणि शिकवते. मोजणाऱ्यांबद्दल माझा आक्षेप वेगळा आहे.

कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर होते. त्यांनी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या साहाय्याने स्वर मोजले आणि १९१० साली बावीस श्रुतींचं, म्हणजे सप्तकातल्या सूक्ष्म स्वरांचं, गणित पुस्तकात मांडलं. त्यावरून श्रुतींची हार्मोनियमही तयार झाली. माणूस कळकळीचा होता, यात शंका नाही. पण मग ठरून गेलं की अमुक श्रुती म्हणजे अमुक अपूर्णांक, आणि तसं न गाणारा चुकला. पुढे रेकॉर्डिंगवरून मोजमापं झाली तेव्हा दिसलं की एकच गायक त्याच रागात तोच गंधार (‘ग’ स्वर) दोन जागी वेगळा लावतो. दरबारी कानड्याचा गंधार झुलत येतो, तो एका आकड्यावर उभा राहतच नाही. ज्याने तो झुलवलाय त्याला हे मोजायच्या आधीच ठाऊक असतं.

तुम्ही पुडीचे आकडे काढाल. उद्या कुणीतरी म्हणेल, शाई इतके मिलिमीटर हवी, आणि काकांचा कान निकाली निघेल. मला याची भीती वाटते.

घुमारा:

ताई, देवलांच्या आकड्यांची चूक कशाने सापडली? पुन्हा मोजण्यानेच ना? झुलणारा गंधार तुम्हाला ठाऊक होता, पण देवलांचं पुस्तक हातात घेऊन तुमच्याशी वाद घालणाऱ्याला गप्प करायला आलेखच लागला.

सुखटणकरांबद्दल मात्र पूर्ण असहमत. बाराशेहून अधिक हस्तलिखितं समोर ठेवून, कुठला पाठ कुठल्यापासून निघाला याचे वंशवृक्ष लावायचे, पुरावा नसेल तिथे स्वतःच्या आवडीला आवर घालायचा, ही शिस्त त्यांना गणिताने दिली नसेल असं मला पटत नाही. माणूस विषय सोडतो, सवय सोडत नाही.

उद्याची आवृत्ती:

वार्ताहर आहे, विज्ञान आणि शिक्षण या बातम्या करतो. दोन्ही बाजू एका गोष्टीकडे लक्ष देत नाहीत: एकाच माणसाने दोन्ही विषय यायलाच हवेत का?

जयंत नारळीकरांनी फलज्योतिषाची चाचणी घेतली ती आठवा. ते खगोलशास्त्रज्ञ. पण सोबत संख्याशास्त्राचे सुधाकर कुंटे होते, अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे नरेंद्र दाभोलकर होते, ज्योतिषाचा अभ्यास असलेली व्यक्तीही होती. शंभर हुशार आणि शंभर मतिमंद मुलांच्या पत्रिका. प्रत्येक ज्योतिषाला त्यातल्या चाळीस, ओळखायचं एवढंच की कुठली कुणाची. उत्तरं पाठवणारे २७ जण, अचूकता सरासरी ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तरी ५० च्या आसपास आलं असतं. २००९ साली हे ‘करंट सायन्स’मध्ये आलं. या कामाची ताकद अशी की बातमी करताना मला कुठल्याही बाजूने प्रश्न विचारता येतो आणि त्या बाजूचं उत्तर द्यायला कुणीतरी असतं.

एकट्याने केलेल्या ‘क्रांतिकारी’ संशोधनाची पत्रकं आमच्याकडे आठवड्याला येतात. ती मी छापत नाही.

कोयनाकाठ:

आमचे आजोबा कोयनेच्या पाण्यामुळे उठले. म्हणून इरावती कर्व्यांचं नाव घेतो. बर्लिनला त्यांनी कवट्यांच्या मापांवर पीएचडी केली. त्याच बाईंनी जाई निंबकरांसोबत कोयना धरणामुळे उठलेल्या लोकांची पाहणी केली, ती १९६९ साली प्रसिद्ध झाली. महाभारतावरचं ‘युगान्त’ही त्यांचंच. खात्यांच्या हिशेबाने बघितलं तर कवटी, महाभारत आणि विस्थापित यांचा एकमेकांशी काय संबंध?

धरणाच्या आराखड्यात आम्ही किती कुटुंबं होतो, ते होतं. देव कुठे गेला, पोरीबाळी कुठल्या गावात द्यायच्या, हे मांडायला कुंपणाबाहेर पडलेला माणूस लागतो. सरासरी मॅडम, परीक्षक मिळत नाही म्हणून हे काम झालंच नसतं, तर कुणाचं नुकसान होतं?

सरासरी:

तुमचं. हे मी मान्य करते, आणि तुमच्या शेवटच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही.

तरी नियम इरावतीबाईंसाठी करायचे नसतात. तीन वर्षांची शिष्यवृत्ती, घरी पैसे पाठवायची घाई आणि गाईडकडे आठ विद्यार्थी, अशा मुलासाठी करायचे असतात. त्याला दोन विषय अर्धे शिकवून सोडलं, तर मुलाखतीत दोन्हीकडचे लोक त्याला बाहेर काढतात. असे दोघं मी जवळून पाहिलेत. आधी दुसऱ्या खात्याचा सहमार्गदर्शक आणि दोन्हीकडचे परीक्षक लेखी नेमा, मग विषय मंजूर करा. त्याआधी नाही.

घुमारा:

ही अट मला मान्य आहे. तेव्हा कुणी अशी अट घातली असती तर मी आनंदाने पाळली असती. मला थेट नाही म्हटलं गेलं.

पदवी झाली, आता मला कुणाची मंजुरी नको. काका सत्तरीला आले, मुलगा या धंद्यात नाही. या उन्हाळ्यात त्यांच्याकडे बसून प्रत्येक थरानंतर आवाज टिपायचा विचार आहे. काकांनाही विचारलं. म्हणाले, मोज, पण घोटताना बोलू नकोस. मॅडम, किती पुड्या लागतील?

सरासरी:

निदान तीस, आणि त्यातल्या निम्म्या दुसऱ्या कारागिराच्या, नाहीतर तुम्ही शाई नाही, काकांचा हात मोजाल. थाप प्रत्येक वेळी सारख्या जोराने पडेल अशी काहीतरी सोय करा. कुठला थर सुरात बसला हे षड्जपंचम ताईंसारख्या तिघांना वेगवेगळं ऐकवून लिहून घ्या, आणि त्यांच्या नोंदी हातात येईपर्यंत तुमचे आलेख उघडू नका.